अम्माला दिसेल एवढा कॉम्प्युटर

कॉम्प्युटर घ्यायचं ठरलं तेव्हा अम्माकडे किती दिवस उरलेत ते कुणालाच सांगता येत नव्हतं. डॉक्टर एवढंच म्हणाले, "आता घरीच ठेवा. जे मागतील ते खायला द्या." डॉक्टरांनी पथ्य उठवलं की काय समजायचं ते आपण समजतो. मी रिक्षा केली, अम्माला श्रीवर्धनच्या आमच्या घरी आणलं, माजघरातल्या खाटेवर निजवलं आणि भाताला आधण ठेवलं. मला काही वाटलं नाही. वाटलं नाही म्हणजे खरंच नाही. इंजेक्शन देऊन दात काढतात तेव्हा ओढलेलं कळतं पण दुखत नाही, तसे माझे ते सगळे दिवस गेले.

अम्माला ऐकू येत नव्हतं. मी नऊ वर्षांची असताना तिला मोठा ताप आला आणि उतरताना तिचे कान घेऊन उतरला. बोलणं शाबूत होतं. पण स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू येत नसल्यामुळे तो कधी कुजबुजीएवढा लागायचा, कधी मासळीबाजारात ओरडावं एवढा. आमच्या घरातल्या भानगडी आळीत कुणाला कधी विचाराव्या लागल्या नाहीत, त्या आपोआप पोचायच्या. समोरच्याचं बोलणं ती ओठांवरून वाचायची. लिहिता-वाचता एक अक्षर येत नव्हतं, पण ओठ वाचण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. तिच्या पाठीमागे काही बोलायचं तर खरोखरच तिच्या पाठीमागे जाऊन उभं राहावं लागायचं.

तिचा कान म्हणजे मी. माझा धाकटा भाऊ आखातात ट्रक चालवायला गेला तेव्हा सुरुवातीला तो कॅसेटवर बोलून ती येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर पाठवायचा. मी टेपला कान लावून ऐकायचे, बटण दाबून थांबवायचे आणि अम्माकडे तोंड करून शब्द न शब्द बोलायचे. त्यात "तो म्हणतो", "त्याचं म्हणणं असं" ही शेपटं लावायची नाहीत, हा अम्माचा नियम. शेपटं लावली की तिचा धागा तुटायचा. म्हणून मी, बाईमाणूस, ओटीवर बसून सांगायचे, "अम्मा, मी दाढी ठेवलीय." पुढे मोबाइल आले तरी रीत तीच राहिली. फोन माझ्या कानाला, तोंड अम्माकडे, आणि 'मी' म्हणजे तो. वीस-बावीस वर्षं मी घरात अशी दोन माणसं होते.

सात वर्षं भाऊ घरी आला नव्हता. आधी काम म्हणून, मग जिथे होता तिथल्या मालकाशी बिनसलं आणि त्याचे कागद अडकले. आता त्याला निघता येत नव्हतं. खरं किती, खोटं किती, अल्लाला माहीत. माझा राग होता त्याच्यावर, आजही आहे. वादळात वाडीतल्या निम्म्या पोफळी आडव्या झाल्या, घराचे पत्रे उडाले, तेव्हा त्याने फोनवर मला विचारलं, "आपा, झाडं किती राहिली?" मी म्हटलं, "तू येऊन मोज." मी तशीच आहे. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

आता दुधाचं सांगते. आमच्यात आई जायच्या आधी लेकरांनी तिच्याकडून दूध बख्शून घ्यायचं असतं. तिने पाजलेलं दूध अंगावर राहतं, ते तिने माफ करायचं. लेकराने तोंडाने मागायचं, आईने "बख्शलं" म्हणायचं. तेवढंच. पण ते राहून गेलं तर राहिलं, मग त्याला इलाज नाही.

घरी आणल्याच्या दुसऱ्या दिवशी मी अम्माचे केस विंचरत होते. ती म्हणाली, "त्याला कवा बोलवतेस? दूध मागायचं हाय ना त्याला?"

मी तिच्यासमोर आले आणि सांगितलं, तो येऊ शकत नाही. मी म्हटलं, "फोनवर मागेल. मी सांगते ना तुला, नेहमीसारखं."

तिने मान हलवली. "ही गोष्ट तुझ्या तोंडून न्हाय चालायची. त्याचं तोंड दिसू दे मला. त्याच्या ओठावर बघीन, मगच बख्शीन."

अम्मा एकदा नाही म्हणाली की नाही. हट्टीपणा आमच्या घरात विकत आणावा लागत नाही.

मी माझ्या फोनवर व्हिडिओ लावून बघितला. साखरेने अम्माच्या नजरेची आधीच वाट लावली होती. तिने फोन नाकाला लावला, लांब धरला, तिरका धरला. "नाक दिसतंय," म्हणाली. तळहाताएवढ्या काचेत ओठ म्हणजे तांदळाएवढे. टीव्ही असता तर त्याला फोन जोडता आला असता, पण आमचा टीव्ही वादळात भिजला तो भिजलाच, दुसरा घेतला नव्हता. शेजारच्या काकू, ज्यांनी आयुष्यभर बालवाडी चालवली आणि ज्यांना अजूनही सगळं गाव आपल्या वर्गात बसलंय असं वाटतं, त्या म्हणाल्या, "कॉम्प्युटर घे. मोठा घे. चेहरा ताटाएवढा दिसला पाहिजे."

त्या वर्षीच्या सुपारीचे पंचवीस हजार कपाटात होते. त्याच्या वर एक रुपया नव्हता.

मग मी कॉम्प्युटरच्या मागे लागले. खरं सांगते, मला ते बरं पडलं. बरं वाटलं असं नाही म्हणत. पण इंच किती, किलो किती, हजार किती, हे डोक्यात असलं की दुसरं काही आत यायला जागा राहत नव्हती. अम्माला कुशीवर वळवताना सुद्धा मी मनात म्हणत होते, साडेपंधरा इंच.

आधी गावातल्या झेरॉक्सवाल्याकडे गेले. त्याच्याकडे एक जुना टेबलावरचा कॉम्प्युटर होता, बारा हजारांत, पडदा चांगला मोठा. स्वस्तात स्वस्त आणि मोठ्यात मोठा. पण तो ठेवणार कुठे? माजघरात खाटेशेजारी पाऊल ठेवायला जागा नाही, प्लग एकच, त्यावर पंखा. आणि आमच्याकडे दिवसातून तीनदा लाइट जाते. लाइट गेली की तो डबा बंद. अम्माने मोठ्या मुश्किलीने "परत बोल" म्हणावं आणि पडदा काळा. नको रे बाबा.

मग त्याने टॅब दाखवला. हलका, बॅटरीवर चालणारा, फोनसारखं सिमकार्ड त्यातच घालायचं. मला आवडला होता. पण काच दहा इंच आणि किंमत बावीस हजार. शिवाय तो उभा राहायला स्टँड वेगळा, कव्हर वेगळं. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. मी दहा इंचावर झेरॉक्सवाल्याचाच फोटो मोठा करून खाटेइतक्या अंतरावरून बघितला. मला ओठ दिसत होते, पण माझे डोळे म्हणजे अम्माचे डोळे नव्हेत.

नेटसाठी केबलवाल्याला फोन केला. म्हणाला, "तुमच्या आळीला वायर टाकायची आहे, पंधरा दिवस धरा."

"पंधरा दिवस आहेत का ते डॉक्टरांना विचारून सांगते," मी म्हटलं आणि फोन ठेवला. त्या बिचाऱ्याला काय माहीत. पण तेव्हा मला कुणाची दया येत नव्हती.

राहिला लॅपटॉप. काकूंचं म्हणणं पडलं की अलिबागला जा. तिकडे किहीमपासून खाली सगळे मुंबईवाल्यांचे बंगले, ते दोन वर्षांत यंत्रं टाकून देतात, आणि अलिबागच्या दुकानांत ती पुसून-बिसून अर्ध्या किमतीत मिळतात. काकू अम्मापाशी बसल्या आणि मी पहाटेच्या एसटीने दिघीला, तिथून बोटीने आगरदांड्याला, मग मुरूड करत अलिबागला गेले. बोटीत शेजारची बाई म्हणाली, "एकट्याच? काही काम?" मी म्हटलं, "खरेदी." तिने विचारलं, "लग्नाची?" मी "हो" म्हटलं. सांगत कुठे बसा.

दुकानदार चष्मेवाला, माझ्याच वयाचा. त्याने चार लॅपटॉप काढून ठेवले. मी आधी सगळे उलटे केले.

"अहो ताई, उलटे काय बघता?"

"स्क्रू बघते."

समुद्रावर राहिलेल्या वस्तूचे स्क्रू कधी खोटं बोलत नाहीत. वरून कितीही पुसा, खारी हवा आधी स्क्रू धरते, मग तोंडं धरते जिथे वायर खुपसतात. मासा घेताना कल्ला उघडून बघतात तसं आम्ही सगळंच उघडून बघतो. दोन लॅपटॉपचे स्क्रू तांबडे निघाले. "हे बंगल्यातले," मी म्हटलं, "बाजूला ठेवा." तो हसला. तिसऱ्याचा पडदा बारीक होता. चौथा साडेपंधरा इंच, स्क्रू पांढरे स्वच्छ, सांगितली किंमत चोवीस हजार.

"वजन किती?"

तो फोनवर शोधायला लागला. मी लॅपटॉप हातात घेतला. आमचं घर सुपारीचं. लहानपणापासून पाटी उचलली की आकडा बोलायचा, मग काट्यावर ठेवायची. मला त्यात चुकायची सवय नाही. "पावणेदोन किलो," मी म्हटलं. त्याने फोनमधून वर बघितलं. पावणेदोनच होतं.

"माझं एक काम करा," मी त्याला सांगितलं. "तुम्ही बाहेर रस्त्यावर जा आणि तुमच्या फोनवरून यात व्हिडिओ लावा. काहीही बोला."

तो गेला. मी लॅपटॉपचा आवाज पूर्ण बंद केला आणि खाटेपासून जेवढं अंतर राहील तेवढं मागे सरकून उभी राहिले. चष्मा काढून ठेवला, म्हणजे माझीही नजर थोडी अम्मासारखी होईल. तो समोरच्या पानाच्या टपरीपाशी उभा राहून बोलत होता. म्हणाला, "बाईने सकाळपासून डोकं खाल्लंय." अम्माजवळ राहून थोडे ओठ मलाही वाचता येतात; एक-एक अक्षर ओठावर दिसलं. लॅपटॉप पास झाला.

तो आत आल्यावर मी म्हटलं, "डोकं खाल्लं, आता पैसेही कमी करा." बिचारा पांढरा पडला. एकवीस हजारांत दिला.

पैसे मोजून देताना त्याने विचारलं होतं, "ताई, घरी नेट कुठलं?" माझी चूक झाली ती इथे. तो चांगल्या मनाने विचारत होता. मी म्हटलं, "नेटचं माझं मी बघेन, तुम्ही चार्जर द्या." अलिबागच्या बाजारात माझ्या फोनवर रेंजच्या सगळ्या काड्या भरलेल्या होत्या. स्क्रू तपासले, इंच तपासले, वजन तपासलं, ओठ तपासले; आमच्या माजघरात काय येतं आणि काय येत नाही हे मला, जन्म तिथे काढलेल्या बाईला, त्या दिवशी आठवलं नाही. येताना बोटीत पाणी उडत होतं म्हणून लॅपटॉप दोन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत गुंडाळून ओढणीच्या आत पोटाशी धरून बसले. तो हलका आहे याचं मला समाधान वाटत होतं. त्या पूर्ण आठवड्यात तेवढंच काय ते वाटलेलं मला आठवतं.

आमचं घर जांभ्या दगडाचं, भिंती हातभर जाड. माजघराला खिडकी नाही. फोनला काड्या मिळतात त्या फक्त मागच्या अंगणात विहिरीपाशी. वादळात झाडं गेली तेव्हा काकू म्हणाल्या होत्या, आता तरी नेटवर्क येईल. झाडं गेली, नेटवर्क नाही आलं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

फोनचं नेट लॅपटॉपला देता येतं, ते काकूंच्या जावयाने फोनवरून समजावलं. पण फोन विहिरीपाशी ठेवला तर ते नेट माजघरापर्यंत पोचत नव्हतं आणि फोन माजघरात आणला तर फोनलाच काही येत नव्हतं. मागच्या दाराच्या चौकटीवर खिळा ठोकून त्याला पिशवीत फोन टांगला, तेव्हा कुठे दोन्हीकडे थोडं-थोडं मिळालं. चित्र यायचं, थांबायचं, परत यायचं. थांबलं की माणूस तोंड वासून तसाच.

"विहिरीपाशी नेऊ या ना त्यांना," काकू म्हणाल्या.

ते मलाही दिसत होतं. पण अम्माला नुसती चादर बदलताना हात लागला तरी ती कळवळायची. अंगावर जिथे बोट लागेल तिथे काळं-निळं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, हलवू नका. पावणेदोन किलोचा कॉम्प्युटर मी याचसाठी आणला होता, की तो तिच्यापाशी न्यायचा, तिला हलवायचं नाही.

भावाला मी शुक्रवारची दुपार सांगितली, नमाज झाल्यावर. सोबत हुकूमही सोडला. "मिशी काढून बस. दाढी ओठावर येते ती काप. उजेडाकडे तोंड कर. हळू बोल, आणि आपल्या घरच्या बोलीत बोल, तुझं ते तिकडचं हिंदी तिला ओठावर कळत नाही."

"आपा," तो म्हणाला, "ती रागावलीय का माझ्यावर?"

"मला काय विचारतोस? तिलाच विचार." दिलासा द्यायचा होता. पण तोंडातून हे निघालं.

शुक्रवारी अम्माने सकाळीच सांगितलं, धुतलेली ओढणी दे. मी तिचं तोंड पुसलं, डोळ्यांत थेंब घातले, पाठीशी उशा लावल्या. लॅपटॉप मांडीवर दोघींना दिसेल असा उभा धरून मी खाटेच्या पायथ्याशी बसले. काकू मागच्या दारात फोनवर लक्ष ठेवून होत्या.

तो आला. ताटाएवढा चेहरा. मिशी काढलेली, दाढी नीट कापलेली, पांढरी झालेली. सात वर्षांपूर्वी ती काळी होती. अम्मा पुढे झुकली.

"वाळलास," ती म्हणाली.

तो हसला. "अम्मा," म्हणाला, आणि ते तिला दिसलं. मी तिच्या तोंडाकडे बघत होते, तिचे ओठ त्याच्याबरोबर हलले. मग त्याने घसा खाकरला, तोंड उघडलं, आणि चित्र थांबलं. तोंड उघडं ते उघडंच.

आवाज मात्र आला. स्वच्छ आला. "अम्मा, माझं दूध बख्श."

मी ऐकलं. तिला काहीच दिसलं नाही. तिने थांबलेल्या तोंडाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "काय म्हणतोय?"

माझ्या डोक्यात तेव्हा काही नव्हतं. सवयीने झालं. मी तोंड तिच्याकडे केलं आणि बोलले, "अम्मा, माझं दूध बख्श."

शेपूट नव्हतंच. तिनेच शिकवलेलं.

ती माझ्याकडे बघत राहिली. मग बोलली ती तिच्या त्या मोठ्या आवाजात, आळीला ऐकू जाईल एवढ्या.

"तुझं? तुझं तर मी कवाच बख्शलंय, बाये. तुला कशाला मागाया लागतं?"

मला हे कधी सुचलंच नव्हतं. भावाचं, भावाचं करत अलिबागपर्यंत जाऊन आले, पण माझंही मागायचं राहिलंय हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. कुणी मला विचारलंही नव्हतं. घरात असणाऱ्या माणसाचं सगळं झालेलंच असतं असं सगळे धरून चालतात, मीसुद्धा.

इकडे मांडीवरच्या लॅपटॉपमधून रडण्याचा आवाज यायला लागला. चित्र तसंच, तोंड वासलेलं, आणि आतून पन्नाशीला टेकलेला माणूस हुंदके देतोय. "आपा, बख्शलं म्हणाली? मला ऐकू आलं. बख्शलं म्हणाली ना?"

त्याने तेवढंच ऐकलं होतं.

मी गप्प बसले असते तर भागलं असतं. त्याला मिळालं असतं. अम्माला मी सांगू शकले असते की नेट गेलं, नंतर बघू, आणि नंतर कधी आलंच नसतं. सात वर्षं मी एकटीने काढली होती, एक गोष्ट मनात दाबायला मला काय जड होतं? आणि मला राग होता. तिने मला दिलेलं तो ओरबाडून घेतोय असं मला वाटलं. लहानपणी खाऊवर भांडायचो तसा राग आला, माझ्या वयाला न शोभणारा.

"तुझं नाही," मी त्याला म्हटलं. "ते माझं होतं. तू थांब. फोन ठेवू नकोस."

अम्मा आमच्या दोघांकडे बघत होती. तिने माझे ओठ वाचले होते. लॅपटॉपकडे तिने बोट केलं. "हा हितं अडकतोय. मला भायर ने."

"तुला दुखेल."

"दुखू दे."

काकूंनी खिळ्यावरची फोनची पिशवी काढली, लॅपटॉप घेतला आणि दोन्ही पुढे जाऊन विहिरीच्या कट्ट्यावर ठेवला, धुण्याचा दगड असतो त्याच्यावर. मी एक हात अम्माच्या मानेखाली घातला, एक गुडघ्यांखाली, आणि उचललं.

हातांना सवय असते. पाटी उचलली की आकडा येतोच, आपण मागितला नाही तरी येतो. तो आला. मी तो आजपर्यंत कुणाला सांगितलेला नाही, भावालाही नाही, डॉक्टरांनाही नाही.

ती कळवळली नाही. माझ्या खांद्याला दातांनी धरून राहिली. माजघर, मागचं दार, दोन पायऱ्या, अंगण. विहिरीपाशी मी मांडी घालून बसले आणि तिला मांडीवर घेतलं. ऊन होतं, काकूंनी आपल्या पदराची सावली धरली. समोर दगडावर भाऊ, आता हलणारा. त्याच्या डोळ्यांचं पाणी दाढीत उतरताना दिसत होतं.

"बोल," अम्मा म्हणाली.

तो बोलला. हळू, घरच्या बोलीत. तिचे ओठ हलले.

"परत बोल."

तो परत बोलला. माझ्या मांडीवरून तिने हात पुढे केला आणि काचेवर ठेवला, त्याच्या तोंडावर. आणि म्हणाली, "बख्शलं."

या वेळी आवाज कुजबुजीएवढाच निघाला. त्याला ऐकू गेलं नाही. तो कान पुढे करून विचारत होता, "काय? आपा, काय म्हणाली?"

"बख्शलं, म्हणाली," मी सांगितलं. "तुला म्हणाली."

त्यानंतर अम्माने त्याला विचारलं, मिशी का काढलीस, बरा दिसत नाहीस. मग म्हणाली, ऊन लागतंय, आत ने. मी परत उचललं. काही मिनिटांत काय बदलणार, वजन तेवढंच होतं.

पुढच्या बुधवारी ती गेली. सकाळी, मी चहा गाळत असताना. मी तिला न्हाऊ घातलं, बायकांना हवं ते काढून दिलं, भावाला फोन केला, लोकांना पाणी दिलं. कुणीतरी म्हणालं, हिला रडवा, नाहीतर हिला त्रास होईल. मला रडू येत नव्हतं. एवढंच होत होतं की कुणी काही विचारलं की मी आधी त्याच्यासमोर तोंड न्यायचे आणि ओठ मोठे करून बोलायचे. ती सवय अजून गेलेली नाही. दुकानात लोक माझ्याकडे चमकून बघतात.

भाऊ दर शुक्रवारी लॅपटॉपवर येतो. मी तो विहिरीच्या कट्ट्यावर घेऊन बसते. आम्ही फार बोलत नाही. एकदा त्याने विचारलं, "आपा, त्या दिवशी तू मला का सांगितलंस? सांगितलं नसतंस तर मला कधी कळलं नसतं." मी म्हटलं, "तुझं काम अर्धवट राहिलं असतं." ते खरं आहे, पण सगळं खरं नाही. माझं मला ठेवायचं होतं.

परवा आळीतली एक बाई आली. तिची मुलगी लग्न होऊन आखातात गेलीय, नातू झालाय, मोठ्या पडद्यावर बघायचा म्हणाली. आता मी आळीत कॉम्प्युटरची जाणकार. मी तिला सगळं सांगितलं. आधी घरात नेट कुठल्या कोपऱ्यात येतं ते बघ, पैसे नंतर काढ. टेबलावरचा घेऊ नकोस, लाइट जाते. टॅब चांगला, पण तुझी नजर बघून घे. अलिबागचा घेतलास तर स्क्रू तपास. ती माना डोलवत होती. मग कपाटातल्या प्लॅस्टिकच्या पिशवीकडे बघून तिने विचारलं, "जड असतो का गं?"

"तूच बघ," मी म्हटलं, "काढ तिथून." तिने पिशवी सोडून तो दोन्ही हातांवर घेतला, वर-खाली केला आणि माझ्यापुढे धरला, की मी किलो सांगेन. आळीत सगळ्यांना माहीत आहे ना, माझा हात चुकत नाही. मी हात पुढे केला नाही. "ठेव खाली," म्हटलं, आणि चहा टाकायला आत गेले.